उंदीर लपत नसतात

‘आमच्या घरात उंदीर नाहीत,’ असं छातीठोकपणे सांगणारा बाप्या भेटला की मी आधी त्याच्या घरातल्या बाईकडं बघतो. ती गप्प असते, खालमानेनं चहा गाळत असते. तिला सगळं माहीत असतं. पण बोलायची सोय नसते, कारण आपल्याकडं घरात उंदीर निघाला की तो उंदराचा गुन्हा नसतो, बाईचा असतो.

माझा राग उंदरावर नाही. तो बिचारा पोटामागं हिंडतो. माझा राग या रीतीवर आहे. या रीतीपायी आमच्या घरातलं एक वर्षाचं बियाणं गेलं, एक मांजर गेलं आणि माझ्या वहिनीला तिचा काही दोष नसताना चार माणसांत खाली मान घालावी लागली. म्हणून हे लिहितोय. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

दिवाळी झाली की आमच्या बीडकडं रानं उघडी पडतात. बाजरी मोडून झालेली, सोयाबीन निघालेलं, भुईमूग उपटलेला. चार महिने पिकाच्या आडोशानं जगलेल्या उंदराला आता आडोसाही नाही आणि दाणाही नाही. रब्बीची ज्वारी अजून कणसात यायची असते. रात्रीचा गारठा वाढत जातो. नेमक्या त्याच दिवसांत आपण सगळा माल उचलून घरात आणतो आणि चूल पेटवून घर उबदार ठेवतो. मग रानातला उंदीर घराकडं येतो, गोठ्यातला ओसरीवर येतो आणि ओसरीवरचा माजघरात शिरतो. त्याला आवतण आपणच दिलेलं असतं.

जुन्या माळवदाच्या घरात हे गृहीत धरलेलं होतं. बळदाचं तोंड शेणामातीनं लिंपलेलं असायचं, कणगी दगडांवर ठेवलेली असायची, दाण्यांत राख आणि लिंबाचा पाला असायचा. दिवाळीनंतर आई रोज दिवा मालवल्यावर थोडा वेळ अंथरुणात नुसती बसून राहायची. मी विचारायचो, “काय करायलीस गं?”

“घर ऐकायले,” ती म्हणायची.

तिला आवाजावरून कळायचं. भिंतीच्या कडेनं चिक् चिक् करत गेली तर, “चिचुंद्री हाये, जाऊ दे. किडे खाती ती.” वरून खुडखुड झाली तर, “आढ्यात हाये. उद्या बळद बघाय पायजे.” उंदीर डोळ्यांनी दिसायची तिनं कधी वाट बघितली नाही. दिवसाढवळ्या उंदीर दिसला म्हणजे रात्रीची जागा त्यांना पुरत नाही, एवढे ते झालेत, असं ती म्हणायची. आणि ते खरंच आहे.

भूकंपानंतर माळवदाची भीती बसली. दहा-अकरा वर्षांनी दादानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. फरशी, ग्रील, लोखंडी दारं. त्या पहिल्याच हिवाळ्यात आई म्हणाली, “आरं, ट्रंकेमागं काहीतरी हाये.”

दादा हसला. “आई, हे काय माळवद हाये का? स्लॅबला उंदीर लागत न्हाईत.”

मीही हसलो. मी तेव्हा पुण्याला नोकरीला होतो आणि शिकलेला होतो. शिकलेल्या माणसाला आईपेक्षा सिमेंटवर जास्त विश्वास असतो. लहान उंदराला आत यायला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. आमच्या नव्या घराला दाराखाली बोटभर फट होती, मोरीच्या पाइपाभोवती सिमेंट भरायचं राहिलं होतं आणि टीव्हीची वायर आत घ्यायला खिडकीशेजारी पाडलेलं भोक तसंच उघडं होतं.

माघात उन्हाळी भुईमुगासाठी शेंगा फोडायला काढल्या. कोपऱ्यात एकावर एक रचलेली दोन पोती. वरून शिवण शाबूत. वरचं पोतं उचललं तर ते हलकं लागलं. खालून कुरतडलेलं होतं. आत टरफलंच टरफलं, आणि मधोमध वहिनीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि गोधडीचा कापूस यांचं घरटं. त्यात गुलाबी, डोळे न उघडलेली सात पिल्लं.

दादा शेंगा फोडायला आलेल्या बायांसमोर वहिनीवर ओरडला. “दोन महिने घरात राहून तुला एवढं दिसलं न्हाई? घर ठेवता येतं का न्हाई तुला?” वहिनी काही बोलली नाही. टरफलं भरायला लागली.

रात्री ती मला म्हणाली, “भावजी, मी रोज पहाटे उठून लेंड्या झाडत होते. दोन महिने. आधी सांगितलं असतं तर हेच ऐकावं लागलं असतं. तेवढं दोन महिने आधी.”

हे ऐकून मला पहिल्यांदा कळलं की उंदीर आमच्यापासून लपलेच नव्हते. ते रोज रात्री लेखी पुरावा ठेवून जात होते आणि आमच्याच घरातलं माणूस आमच्याच भीतीनं तो पुरावा रोज पहाटे पुसून टाकत होतं.

तो पुरावा कसा वाचायचा, ते सांगतो. हे बाप्यांसाठी आहे, बायांना येतं.

उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, काळी, टोकाला निमुळती. ताजी असली तर मऊ आणि चकचकीत, जुनी असली तर राखाडी, दाबली की भुगा होणारी. एक उंदीर दिवसाला पन्नासावर लेंड्या टाकतो, तेव्हा दहा-वीस दिसल्या म्हणून दहा-वीस उंदीर नसतात. पण रोज झाडून रोज ताज्या सापडत असतील तर घरटं आतच आहे. आणि ते फार लांब नसतं. लहान उंदीर घरट्यापासून बहुधा पाच-दहा पावलांतच फिरतो.

उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. त्याच्या अंगाच्या तेलकटपणानं चुन्यावर कळकट पट्टा उमटतो. बंद कपाट उघडल्यावर नाकाला झोंबणारा मुताचा वास येतो. साबणाच्या वडीवर दातांच्या दोन-दोन बारीक रेघा दिसतात. मांजर एकाच कोपऱ्याकडं टक लावून बसतं. एवढ्यानंही खात्री पटली नाही तर निजताना भिंतीच्या कडेला बोटभर रुंद पीठ भुरभुरावं. सकाळी बारकी पावलं आणि शेपटीची ओढलेली रेघ उमटलेली असते. माझी आई यासाठी चुलीतली चाळलेली राख वापरायची.

वहिनीनं हे सगळं पाहिलं होतं. वर ती कोरड्या झाडूनं झाडत होती आणि ती धूळ रोज तिच्या नाकातोंडात जात होती. लेंड्या अशा झाडू नयेत. ब्लीचिंगच्या पाण्यानं भिजवून, हाताला पिशवी बांधून, फडक्यानं पुसाव्यात. पण जी गोष्ट चोरून करायची तिच्यात काळजी कुठली घेणार?

दुसऱ्या दिवशी दादानं बाजारातून औषध आणलं. आपल्याकडं हेच चालतं. आधी नाकारायचं, मग बाईवर ओरडायचं आणि शेवटी विष आणायचं. कुठून येतात हे बघायचं नाही, भोक बुजवायचं नाही. उंदीर नव्या खाण्याला आधी बिचकतो. म्हणून जाणकार माणूस दोन-चार दिवस साधंच पीठ-गूळ ठेवून त्याला सवय लावतो आणि मग त्यात औषध कालवतो. दादानं पहिल्याच रात्री पिठाच्या गोळ्या करून घरभर टाकल्या. उंदरांनी त्या हुंगूनही पाहिल्या नाहीत. आमचं मांजर मेलं. आठ वर्षांचं होतं. त्याच घरात दोन वर्षांचा पुतण्या रांगत-चालत होता, हे आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

शहरातल्या वाचकांनी इथं हसू नये. मी पुण्यात ज्या इमारतीत राहतो तिथं लिफ्ट आहे, कॅमेरे आहेत. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या सिंकखालच्या ट्रॉलीमागं मला लेंड्या दिसल्या. सोसायटीच्या बैठकीत मी विषय काढला. एकेक जण म्हणाला, “आमच्याकडं नाहीत बुवा.” आमच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही घरांतून हेच उत्तर आलं. म्हणजे पाइपाच्या डक्टमधून चढणारे उंदीर बरोबर माझ्याच मजल्यावर उतरत असले पाहिजेत! पुढच्या महिन्यात एकाच्या गाडीची वायर कुरतडली गेली, तेव्हा कुठं सगळ्यांना कंठ फुटला. डक्टला जाळी बसवायचा खर्च सगळ्यांत वाटून फार नव्हता. बोलायची लाज तेवढी फार होती.

कुणी म्हणेल, एवढ्याशा उंदरासाठी एवढा राग? गणपतीचं वाहन आहे, असू द्या. माझ्या जिल्ह्याला असं म्हणता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. त्या भीतीनं आमच्याकडंही लोक घरं सोडून बाहेर झोपायला लागले. धान्य आत, माणसं बाहेर. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडायला लागले, पिसवांचा सुळसुळाट झाला आणि मग माणसांच्या अंगावर गाठी आल्या. प्लेगची बातमी झाली. रिकाम्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढच्याच महिन्यात सुरत हादरली. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. आमच्या गावातही प्रत्येक जण रोज सकाळी कोपरे बघत होता आणि पारावर उघड सांगत होता, “आमच्याकडं आज एक मेलेला सापडला.” कुणी कुणाच्या बायकोला नावं ठेवली नाहीत. मरणाच्या भीतीनं आलेलं हे शहाणपण भीती गेल्याबरोबर आम्ही सोडून दिलं.

थंडीत उंदीर येणारच. स्वच्छ घरातही येतो, कारण त्याला फट, ऊब आणि दाणा एवढंच लागतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. घरातल्या बाईनं ‘उंदीर झालेत’ म्हटलं की पहिला प्रश्न ‘कुठं?’ हा असावा, ‘कसे काय?’ हा नसावा. मग बाप्यानं उठावं. बॅटरी घ्यावी, पोती भिंतीपासून हातभर सरकवावीत, फटीत तारेची जाळी कोंबून वर सिमेंट भरावं, सापळा भिंतीला लागून ठेवावा.

आई आता नाही. दादाची साठी झाली. गेल्या कार्तिकात वहिनीचा फोन आला होता. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाली, “भावजी, थंडी पडली हो. ट्रंकेमागं चार लेंड्या सापडल्या.”

मागून दादाचा आवाज आला, “चार न्हाईत, पाच हाएत! मी मोजल्यात.”