रक्तातील आम्लता आणि श्वास

१९५२ साली कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले आढळले, आणि डॉक्टरांनी तो अल्कधर्मी विकार मानला. वस्तुतः श्वास दुबळा पडून कार्बन डाय-ऑक्साइड साचला होता व रक्त आम्लधर्मी झाले होते. ब्यर्न इब्सेन यांनी हे ओळखले; विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस हाताने रबरी पिशवी दाबून रुग्णांना श्वास पुरविला, आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच घटले.

विडीच्या वा चुलीच्या धुराने फुप्फुसे जीर्ण झालेल्या रुग्णाबाबत अशी फसगत आजही संभवते. पल्स ऑक्सिमीटर समाधानकारक आकडा दाखवीत असतो आणि रुग्ण गुंगीत जातो. ते उपकरण कार्बन डाय-ऑक्साइड मोजीतच नाही. बेसुमार प्राणवायू दिल्यास तर तो वायू अधिकच साचू शकतो. प्राणवायूच्या टाक्यांवर होणारा खर्च योग्यच आहे. परंतु धमनीतील रक्ताच्या वायुपरीक्षेची सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तितकीच अगत्याची मानली पाहिजे.