पावडर वस्त्रगाळच हवी

उन्हाळा लागला की वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो: अंगाला लावायची सुवासिक पावडर घरी करता येईल का? येते, आणि करावी, असं माझं ठाम मत आहे. मात्र बहुतेकजण सुरुवात सुगंधापासून करतात आणि तिथेच फसतात. पावडरीचं पहिलं काम घाम टिपण्याचं. ती कोरडी आणि मऊ हवी, वासाचं नंतर बघता येतं.

बाजारच्या डब्यात बहुधा टाल्क असतं, म्हणजे आपलं संगजिरं. हे खाणीतून निघतं आणि तिथे त्याच्या शेजारी ॲस्बेस्टॉसही असू शकतं, वादाचं मूळ तेच. ‘जॉन्सन अँड जॉन्सन’ने टाल्कची बेबी पावडर २०२० मध्ये अमेरिका-कॅनडात आणि २०२३ मध्ये जगभर बंद केली, मक्याच्या स्टार्चची आणली. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्क ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. म्हणून घरातला डबा बघून कुणी धास्तावू नये. पण इतका सोपा पर्याय हाताशी असताना तो का टाळायचा?

शंभर ग्रॅम आरारूट घ्या. त्यात दोन चमचे वाळ्याची पूड, दोन चमचे गावठी गुलाबाच्या पाकळ्यांची आणि एक चमचा नागरमोथ्याची. सगळं काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, पण तयार पूड न घेता अख्खं आणा. पाकळ्या सावलीत वाळवा, चुरा होईपर्यंत. कडक उन्हात रंग जातो आणि वासही.

वाळा चिवट असतो. मुळ्या कात्रीने बारीक कापायच्या आणि मिक्सरमध्ये थोड्या थोड्या फिरवायच्या. मग खरं काम. पातेल्याच्या तोंडावर जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा धुतलेला तुकडा घट्ट बांधा, त्यावर पूड घाला आणि बोटांनी अलगद फिरवत राहा. खाली पडेल ती बोटांत चोळली तर जाणवतही नाही. वर उरतात ते तंतू, तेच अंगाला टोचतात. पिठाची चाळणी इथे चालत नाही. अर्धा तास जातो, हात भरून येतात, पण इथे घाई केली की पावडर खरखरीत झालीच. उरलेल्या तंतूंची पुरचुंडी कपाटात ठेवा.

सुगंध वाढवायला अत्तराचं इसेन्स ओतू नका. वाळ्याचा वास कोरडा असताना दबलेला असतो, ओल लागली की खुलतो. डबा उघडल्यावर फारसं काही जाणवणार नाही, घाम आला की जाणवेल. उन्हाळ्याच्या पावडरीला याहून काय हवं? चंदन मी मुद्दाम सांगत नाही. त्याचा वास गाभ्यात असतो, तो गाभा धरायला झाडाला वर्षानुवर्षं लागतात. स्वस्तात मिळणाऱ्या ‘चंदन पुडी’वर माझा विश्वास नाही.

घरचं आहे म्हणून कुठेही लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला आधी लावून एक दिवस बघा. त्वचा ओली असताना लावली तर आरारूटचा चिकटा बसतो, म्हणून अंग नीट पुसूनच लावा. तान्ह्या बाळाला मुळीच नको: उडालेली कोणतीही पावडर, अगदी पिठाचीही, त्याच्या श्वासात जाऊ शकते. कापूर घातलेली तर बाळाच्या जवळपासही नको.

एका वेळी एवढीच करा, कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि ओला हात घालू नका. पावसाळी हवेत गाठी झाल्या किंवा कुबट वास आला, तर सरळ टाकून द्या.