‘नीट’चा खोडवा ठेवावा काय?



जून-जुलैत आमच्या गट ऑफिसात येणारा सभासद आडसालीच्या बेण्याची नि खताची चौकशी करतो. अलीकडे तो जाताना दारात थांबून आणखी एक गोष्ट विचारतो. भीमेच्या या काठचा केडगावकर असो वा त्या काठचा मांडवगण फराट्याचा, प्रश्न एकच : "साहेब, पोरीला दातांच्या डॉक्टरीला नंबर लागतोय, पण खाजगीत. अजून एक वर्ष द्यावं का?"

आम्ही पडलो कृषी पदविकेवाले. दातांतले आम्हांस काय कळणार? पण खोडवा ठेवावा की मोडावा, हे सांगण्यात आमची उमेद गेली, आणि हा प्रश्न आम्हांस त्याच जातीचा वाटतो. नांग्या किती पडल्या हे मोजल्याशिवाय आम्ही कुणाला खोडवा ठेवा म्हणत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र कोणी मोजत नाही. भावकी काय म्हणेल यावर निकाल लागतो.

मोजता येते. परीक्षेनंतर उत्तरपत्रिकेची प्रत व उत्तरसूची संगणकावर मिळते. ती घेऊन मुलीला शांत बसू द्या. प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तरास चार, चुकीस एक वजा. जीवशास्त्राचे ९० प्रश्न बरे गेले आणि भौतिकशास्त्राचे वेळेअभावी कोरे राहिले असतील, तर तूट एकाच सरीत आहे, वर्षात भरून निघेल. पण तिन्ही विषयांत अंदाजाने ठोकलेली उत्तरे जागोजागी दिसली, तर तोच क्लास नि तीच पुस्तके पुन्हा करून फुटवा येणार नाही.

नुसत्या गुणांवरही जाऊ नका. २०२४ साली, ज्या वर्षी पेपरफुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सुधारित निकालातही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ साली देशात पहिल्या आलेल्याला ६८६. तेव्हा "शेजारच्याच्या पोराला इतक्या गुणांवर जागा मिळाली" हा हिशेब निरुपयोगी. क्रमांक पाहावा.

आता पैशाचे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, पण जागा मोजक्या. खाजगीची फी ऐकली की माणूस दचकतो आणि मुलीला पुन्हा वर्षभर लातूरला धाडतो. इथे आमचे बरेच सभासद चुकतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी घरांतल्या मुलींना, शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळाला तर, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत विद्यापीठाला आणि संस्थेच्या कोट्याला ही सवलत नाही. वसतिगृह, खानावळ, दातांची हत्यारे हा खर्च घरचाच. तरीसुद्धा, जी फी वाचविण्यासाठी वर्ष घालवायचे, ती भरावीच लागणार नसेल तर? मुलांना ही सवलत नाही, त्यांचे गणित निराळे.

या परीक्षेला कितीदा बसावे यावर बंधन नाही, आणि वयाची वरची अटही २०२२ साली निघाली. म्हणजे थांबा म्हणणारे कोणी नाही. मोडायचा दिवस घरच्यांनीच ठरवायचा. पहिल्या खोडव्याला आम्ही विचार करून होकार देऊ. दुसऱ्याला सहसा नाही, आणि तिसऱ्याला आमच्याकडे येऊच नका.

एका सभासदाने मुलीलाच बरोबर आणले होते. दंत महाविद्यालयात नंबर लागत होता, पण वडिलांना ती एमबीबीएससाठी पुन्हा बसायला हवी होती. सगळे बोलणे तेच करीत होते. शेवटी आम्ही मुलीला विचारले, तुझे काय म्हणणे?

"मला दातांचंच आवडतं. एमबीबीएस दादाच म्हणतात."

वडील बराच वेळ खिडकीबाहेर बेण्याच्या ट्रॉलीकडे बघत राहिले. मग बेण्याच्या मागणीपत्रावर सही केली आणि विचारले, "उत्पन्नाचा दाखला तहसीलला किती दिवसांत मिळतो, साहेब?"