दुसरी टॅली आमची

सात-बारा मोबाईलवर आला म्हणून हुरळू नका. हाती लिहिलेले सात-बारे सरकारनं कॉम्प्युटरात भरले, चुका निघाल्या. 'एडिट' मॉड्यूल आलं. चुका उरल्याच, मग 'री-एडिट'. २०१७ ला चावडीवाचन, २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा. सॉफ्टवेअर असंच फेऱ्याफेऱ्यांनी सुधारतं, त्याला हरकत नाही. सवाल आहे, ताडून कोण बघतं?

मी गोदी कामगार. माल उतरला की बोटीचा माणूस मोजतो, धक्क्यावरचा मोजतो. दोन्ही टॅली जुळल्या तरच सही. इथं तलाठ्याचं लिखाण तलाठ्याच्याच दप्तराशी जुळवलं. दुसरी मोजणी म्हणे चावडीत! पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चावडीबाहेर उभं केलं, त्यांना ते वाचन ऐकू आलं का?

माझं गाव शिवरे, तालुका भोर. पुणे-सातारा रस्त्यानं तिथली जमीन सोन्याची केली. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं, जमिनी नव्या शर्तीवर नावावर लागल्या. त्या नावातलं एक अक्षर हुकलं तरी माणूस उठतो. यंत्र जुनी लबाडी धूत नाही, पक्की करतं.

म्हणून पुढची फेरी आमच्या वस्तीत वाचा. चूक दिसली की महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज ठोका. आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही नाही, त्याचा रकाना कुठल्या मॉड्यूलमध्ये आहे, तेही विचारा.