सहल अंदमानची, कसोटी गुडघ्यांची

दिवाळी सरली की मुंबईच्या उपनगरांत सहलींचे बेत शिजू लागतात. दिंडोशीही त्याला अपवाद नाही. मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून येथे हक्काचे घर मिळवणारी पिढी आता सत्तरीच्या घरात आहे. त्या वेळी दप्तर सांभाळणारी त्यांची मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. हाती चार पैसे आहेत आणि आई-वडिलांना एकदा तरी विमानाने समुद्रापार न्यावे, अशी इच्छाही आहे. मराठी घरात ही इच्छा बहुधा एकाच नावापाशी येऊन थांबते. ते नाव म्हणजे अंदमान.

आधीच्या पिढ्यांचे बेट म्हणजे रामेश्वर. रेल्वेने पांबनचा पूल ओलांडला की बेट आले. नावेत पाय ठेवण्याची गरज नसे. अंदमानचे तसे नाही. तेथे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचे तर धक्का, फळी, डोलणारी बोट आणि पुन्हा धक्का, हा क्रम चुकत नाही. हे अंतर किलोमीटरमध्ये मोजणारा माणूस फसतो. ते पावलांत आणि पायऱ्यांत मोजावे लागते.

ज्येष्ठ मंडळी अंदमानला निघतात ती पांढऱ्या वाळूसाठी नव्हे. त्यांना सेल्युलर जेल पाहायचे असते. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगात स्वातंत्र्यवीर सावरकरांना ४ जुलै १९११ रोजी आणण्यात आले आणि १९२१ पर्यंत ते तेथे होते. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी या वास्तूला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. मूळच्या सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. त्यांतील एकीच्या वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला सावरकरांची कोठडी आहे. तेथवर जायचे तर जिने चढावे लागतात, मग लांबलचक व्हरांडा चालावा लागतो. शाळेत असल्यापासून ज्या कोठडीविषयी ऐकले ती पाहण्यासाठी सत्तरीची व्यक्ती त्या जिन्याशी येऊन उभी राहते, तेव्हा तिच्या गुडघ्यांत किती बळ शिल्लक आहे, हा प्रश्न अवघ्या सहलीहून मोठा ठरतो.

नेमके येथेच नियोजन चुकते. प्रचलित पाच-सहा दिवसांच्या कार्यक्रमात जेल बहुधा पहिल्याच दिवशी घातलेले असते. पहाटेचे विमान पकडायचे म्हणून दिंडोशीहून मध्यरात्रीनंतर निघायचे, चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलायचे, दुपारी पोर्ट ब्लेअरला (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम) उतरायचे, घाईने जेवायचे आणि लगेच जेल गाठायचे. तरुणांच्या दृष्टीने यात एक दिवस वाचतो. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या आईच्या दृष्टीने मात्र ज्यासाठी ती आली तेच हुकते. जिन्याच्या पायथ्याशी ती म्हणते, “मी बसते इथेच, तुम्ही जाऊन या.”

हे वाक्य प्रत्येक घराला ओळखीचे आहे. त्याचे अर्थ दोन. कधी ते मनापासूनचे असते. सावलीत बसून येणारे-जाणारे पाहण्यात ज्येष्ठांचा वेळ खरोखरच छान जातो. पण पुष्कळदा आपल्यापायी मुलांचा खोळंबा नको, या संकोचातून ते आलेले असते. आयुष्यभर स्वतःची पोळी शेवटी वाढून घेणारी बाई सहलीत आपल्या गतीचा आग्रह धरेल, ही अपेक्षाच चुकीची. मुलांनी हे आधीच विचारून घ्यायला हवे, आणि तेही “जमेल ना?” असे नव्हे. या प्रश्नाला मराठी घरात “जमेल की” याखेरीज दुसरे उत्तर नाही. “एकच गोष्ट पाहायची तर कोणती?” असे विचारले, तर खरे काय ते कळते. ती एक गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर विश्रांती झाल्यावर ठेवावी आणि बाकीचा कार्यक्रम तिच्याभोवती बसवावा.

अंदमानचे घड्याळ या कामी मदतीला येते. देशभर प्रमाणवेळ एकच असल्याने पूर्वेकडच्या या बेटांवर डिसेंबरात पाचनंतर थोड्याच वेळात उजाडते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पहाटेच जागे होणाऱ्या ज्येष्ठांची दिनचर्या त्याच्याशी सहज जुळते. अडचण होते ती नऊला उठणाऱ्या नातवंडांची.

कात्री कोठे लावायची, हेही त्यावरून ठरते. बाराटांगची चुनखडीची गुहा पहाटेच्या अंधारात निघणे, वाहनांचा ताफा, बोट आणि पायपीट मागते. ती निःशंकपणे वगळावी. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे जायला बोटीने दीड ते अडीच तास लागतात. राधानगर किनाऱ्यापर्यंत मोटार जाते, तेव्हा ते करता येईल. पण मग तेथे दोन रात्री राहावे. शहीद द्वीप, पूर्वीचे नील, केवळ यादी पूर्ण करण्यासाठी जोडू नये. स्वराज द्वीपवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, परंतु मोठे सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत, पोर्ट ब्लेअरलाच आहे. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत मधला समुद्र विसरून चालत नाही.

पैशांचे गणित याहून अवघड. ज्येष्ठांची रेल्वेभाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या प्रवास सवलतीत आई-वडील धरले जातात, पण ते अवलंबून असतील तरच. त्यांचे मासिक उत्पन्न नऊ हजार रुपये अधिक त्यावरील महागाई भत्ता या मर्यादेपलीकडे गेले की ते अवलंबून राहत नाहीत. साधे निवृत्तिवेतन घेणारे बाबा त्यामुळेच बाहेर पडतात आणि त्यांचे पूर्ण भाडे मुलाच्या खिशातून जाते. मग बचतीचा मार्ग शोधला जातो, तो अपरात्रीच्या आणि दोन-तीन टप्प्यांच्या स्वस्त विमानाचा. वाचलेल्या दोन-चार हजारांची भरपाई आई-बाबांच्या शरीराला करावी लागते. खर्च कमी करायचा असेल तर एक बेट कमी करावे. विमान मात्र दिवसाचे घ्यावे.

विमानतळावरील चाकाची खुर्ची मागण्यात अनेकांना कमीपणा वाटतो. तो बाजूला ठेवावा. ही मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी, प्रत्येकासाठी स्वतंत्रपणे नोंदवावी आणि विमान बदलण्याच्या ठिकाणीही ती लागू आहे ना, याची खात्री करावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ८० वर्षांचे एक प्रवासी कोसळले व त्यांचा मृत्यू झाला. पती-पत्नी दोघांसाठी खुर्ची मागितलेली होती, मिळाली एकच; पत्नीला तीत बसवून ते चालत निघाले होते. या प्रकरणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला ३० लाख रुपयांचा दंड ठोठावला. नियम होता, नोंदणीही होती.

बोटीची भीती कितपत आहे, हे तिकिटे काढण्यापूर्वी घरबसल्या नव्हे, पण घराजवळ नक्की कळू शकते. दिंडोशीकरांना त्यासाठी दूर जायला नको. मालाडच्या मार्वे धक्क्यावरून मनोरीला फेरीबोट सुटते, चार पैशांत खाडी ओलांडून देते. एका रविवारी आई-बाबांना तीत बसवून आणावे. काठावरून बोटीत पाय टाकताना हात कोणाचा शोधला जातो, उतरल्यावर किती वेळ बसावेसे वाटते, एवढे पाहिले तरी कार्यक्रमातल्या किती ओळी खोडायच्या ते समजते. खाडीतच जीव घाबरा झाला, तर मॉरिशसचा विचार करता येतो. खर्च वाढतो खरा, पण मुंबईहून थेट विमान आहे, भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही, किनाऱ्यांवर मोटारीने जाता येते आणि मराठी भाषकांची जुनी वस्ती तेथे आहे. सत्तरीनंतरचा परदेश प्रवासाचा विमा मात्र महाग पडतो आणि आधीचे आजार त्यात धरले आहेत की नाहीत, हे वाचूनच सही करावी.

अंदमानच ठरले, तर जेलच्या आवारातील ध्वनिप्रकाश कार्यक्रम बसून पाहता येतो. आवारातल्या जुन्या पिंपळाच्या तोंडून तुरुंगाची कहाणी ऐकायला जिना चढावा लागत नाही. त्याची तिकिटे पोहोचण्याच्या दिवसाची न काढता दुसऱ्या संध्याकाळची काढावीत.