अंगणातील सात शववाहिका

पार्थिव देहाला स्मशानापर्यंत नेणारी तिरडी कोणी जपून ठेवत नाही. बांबूच्या दोन दांड्या, काही आडव्या कामट्या आणि सुतळी एवढाच तिचा संसार. घराच्या दारात ती बांधली जाते आणि काही वेळाने चितेत जाते. साधु-साध्वींच्या पार्थिवासाठी पालखी सजवली जाते. तीही संग्रही ठेवण्यासाठी नसते. शेवटच्या प्रवासाचे वाहन त्या प्रवासाबरोबरच संपावे, अशी ही जुनी रीत आहे.

अमेरिकेत हे वाहन संपत नाही. प्रवासी निघून जातो आणि गाडी मागे उरते. १९०९ साली सिनसिनाटी शहरातील क्रेन अँड ब्रीड कंपनीने मोटारशववाहिका बाजारात आणली आणि घोड्यांच्या काळ्या रथांची जागा हळूहळू मोटारींनी घेतली. पुढे या वाहनांची बांधणी हाच एक स्वतंत्र व्यवसाय झाला. ओहायो राज्यात लायमा येथे सुपीरिअर, पिक्वा येथे मिलर-मिटिअर, लाउडनव्हिल येथे फ्लक्सिबल आणि इलिनॉय राज्यात फ्रीपोर्ट येथे हेन्नी हे कारखाने त्यासाठी नावाजले गेले. कॅडिलॅक, पॅकार्ड किंवा ब्यूइक यांची चासी घ्यायची आणि तिच्यावर वीस फुटांच्या आसपास लांबीची भारदस्त बांधणी करायची, असे ते काम होते. अनेक गाड्यांच्या मागील बाजूस ‘एस’ अक्षराच्या वळणाची चकचकीत पट्टी दिसते. घोडागाडीचे छप्पर दुमडण्यासाठी पूर्वी जी लोखंडी कमान असे, तिची ती केवळ आठवण. मोटारीत तिला काही काम नाही.

लहान गावांत या गाड्यांना दुहेरी जबाबदारी होती. अंत्यविधी करणारी पेढीच रुग्णवाहिका चालवत असे, कारण आडवे झोपवून माणूस नेता येईल असे वाहन गावात तेवढेच असे. सकाळी रुग्णाला इस्पितळात पोहोचवणारी गाडी दुपारी दफनभूमीकडे जाऊ शके. १९७० च्या दशकात रुग्णवाहिकांसाठी कडक नियम आले आणि ही जोडसेवा मावळली. अनेक गाड्या निरुपयोगी ठरल्या. त्यांपैकी काही भंगारात गेल्या, काही कोठारांत आणि शेतांत उभ्या राहिल्या.

येथून संग्राहकांची कथा सुरू होते. १९७६ साली अशा वाहनांच्या चाहत्यांनी ‘प्रोफेशनल कार सोसायटी’ स्थापन केली. १९८४ च्या ‘घोस्टबस्टर्स’ या चित्रपटात १९५९ सालची मिलर-मिटिअर बांधणीची कॅडिलॅक झळकली आणि या विस्मृत गाड्या घरोघरी ओळखीच्या झाल्या. ह्यूस्टन येथे १९९२ पासून अंत्यसंस्कारांच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथेही जुन्या शववाहिका मांडलेल्या आहेत.

या संग्राहकांपैकी एक वृद्ध गृहस्थ कल्पनेने डोळ्यांसमोर आणावेत. वय चौऱ्याहत्तर. ओहायोतील एका गावाबाहेर त्यांचे घर, मागे कोठार आणि मोकळी जागा. तेथे सात शववाहिका उभ्या आहेत. पहिली त्यांनी चाळिशीत घेतली. एक पेढी बंद होत होती आणि गाडी भंगारात जाणार होती. “इतके सुंदर काम मोडीत कसे जाऊ द्यायचे?” या कळवळ्याने त्यांनी ती घरी आणली. दुसरीही तशीच आली, तिसरीही. प्रत्येकीचा जीर्णोद्धार करायचा, हा संकल्प मनाशी होता. एकीचाही झाला नाही.

त्याची कारणे खोटी नव्हती. अशा गाड्या मोजक्याच बनत, त्यामुळे त्यांच्या पाठीमागच्या काचा, दारे आणि पट्ट्या साध्या कॅडिलॅकच्या भागांतून मिळत नाहीत. जुन्या बांधणीत आतला सांगाडा काही ठिकाणी लाकडाचा असतो. पत्रा वरून धड दिसला तरी आत लाकूड कुजलेले निघते. जीर्णोद्धाराचा खर्च पुष्कळदा गाडीच्या बाजारभावाच्या पुढे जातो. शिवाय जाणकारांचे एक मत असे, की मूळ रंग, मूळ पडदे आणि मूळ गादी एकदाच असते. नवे केले की ते साक्षीपण गेले. म्हणून हात लावायचा की नाही, याच विचारात वर्षे गेली. गाड्यांत उंदरांनी बिळे केली, गांधीलमाश्यांनी पोळी बांधली.

एका संध्याकाळी पत्नीने साधा हिशेब मांडला. एका गाडीला पाच वर्षे धरली तरी सातांना पस्तीस लागतील. म्हणजे शेवटची गाडी त्यांच्या एकशे नवव्या वर्षी तयार होईल. “आणि आपल्यानंतर?” तिने विचारले. उत्तर दोघांनाही ठाऊक होते. मुलगा दूरच्या राज्यात राहतो. तो भंगारवाल्याला बोलावील आणि एका दिवसात सारे उचलले जाईल. ज्या कळवळ्याने संग्रह सुरू झाला, त्याचाच असा शेवट होणार होता.

तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेलाच परिग्रह म्हटले आहे. वस्तू अंगणात असणे हा एक भाग. तिच्यात मन गुंतणे हा खरा परिग्रह. शास्त्रकारांनी अंतरंग परिग्रहाचे चौदा प्रकार सांगितले, ते यासाठीच. या गृहस्थांचा गुंता पत्र्यात नव्हता, ‘कधीतरी’ या शब्दात होता. तो शब्द व्यापारी घरांनाही परका नाही. दिवाळीला दुकानातील न खपलेल्या मालाची किंमत निर्ममपणे कमी केली जाते. घराच्या माळ्यावरील पितळी पिंपे, बंद पडलेली घड्याळे आणि आजोबांच्या पेढीचे तराजू मात्र कोणत्याच हिशेबात येत नाहीत. ‘कधीतरी पॉलिश करू’ म्हणत एक पिढी ते दुसरीच्या माथी सोडते.

मात्र श्रावकाला सर्वस्वत्याग सांगितलेला नाही. त्याचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. मर्यादा आपणच ठरवायची, आणि ठरली की ओलांडायची नाही. या अमेरिकन गृहस्थांना त्या व्रताचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्यांनी केले ते त्याच वाटेचे. कागदावर त्यांनी एक आकडा लिहिला: एक. पंधराव्या वर्षी वडिलांची अंत्ययात्रा ज्या बनावटीच्या गाडीतून निघालेली पाहिली, तशी १९६५ ची सुपीरिअर-कॅडिलॅक ठेवायची. बाकी सहा जातील.

सोडण्याचे कामही कष्टाचे निघाले. प्रत्येक गाडीच्या मालकीची कागदपत्रे शोधावी लागली. सुटे भाग वेगळे करून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. विकताना त्यांनी गंज झाकला नाही. तळाचा पत्रा कोठे गेला, लाकूड कोठे कुजले, हे खडूने खुणा करून दाखवले. श्रावकाच्या अचौर्य व्रतात खोटी मापे आणि भेसळ हे अतिचार गणले आहेत. त्या कसोटीने पाहता, किंमत घसरली तरी व्यवहार निर्मळ राहिला. दोन गाड्या अगदीच गेलेल्या होत्या. त्यांच्या काचा आणि दारे इतर चार गाड्यांना जीव देतील, अशी त्यांनी वाटणी केली. हेन्नी बांधणीची पॅकार्ड एका तरुण कारागिराला दिली. जास्त पैसे देणारा दुसरा होता, पण त्याला ती भुताखेतांच्या खेळासाठी रंगवायची होती. तरुण म्हणाला, “मी नवी करणार नाही. गंज थांबवीन, इंजिन चालू करीन, बाकी आहे तशी ठेवीन.”

शेवटी कोठारात एक गाडी उरली. तिच्या कप्प्यात त्यांनी एक पाकीट ठेवले. आपल्यानंतर ती कोणाकडे जावी, हे त्यात सहीसह लिहिले होते.

व्रताची परीक्षा व्रत घेताना होत नाही, नंतर होते. त्याच हिवाळ्यात शेजारच्या गावातून फोन आला. आणखी एक जुनी पेढी बंद होत होती, मागे फ्लक्सिबल-ब्यूइक उभी होती, जवळजवळ फुकट; शुक्रवारी भंगारवाला येणार होता. वृद्ध गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. खिडकीतून मोकळे अंगण दिसत होते. गाड्या उभ्या होत्या तेथे गवताचे सहा फिकट आयत अजून ओळखू येत होते.

मग त्यांनी त्या तरुण कारागिराचा दूरध्वनी क्रमांक सांगितला, दोनदा, सावकाश, आणि रिसीव्हर खाली ठेवला.