अंगठ्याला काम द्या!

मंडळी, कळफलक कोणता घ्यावा यावर हल्ली जो सल्ला मिळतो, तो मला साफ अमान्य आहे. सल्ला चुकीचा नसतो. तो इंग्रजी टंकणाऱ्यासाठी असतो, आणि आपण मुकाट्याने तो मराठीला लागू करतो. माझे भांडण एवढ्याशीच आहे.

आधी 'लेअर' या शब्दाचा बाऊ काढून टाकू. त्याला थर म्हणा. एक बटण दाबून धरले की बाकीच्या बटणांचा अर्थ बदलतो, एवढेच. १८७८ साली रेमिंग्टन नंबर २ या टंकयंत्रावर शिफ्टचे बटण आले, तोही थरच. तेव्हा थर म्हणजे संगणकवाल्या पोरांचे खूळ, असे कुणी म्हणू नये.

आता, इंग्रजीत शिफ्ट लागते कधी? वाक्याच्या सुरुवातीला, विशेषनामाला. आणि मराठीत? १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट आराखडा घ्या. ख, घ, थ, भ, ण, ळ, श, ष ही सारी शिफ्टच्या थरावर. अ, आ, इ, ई हे स्वरही तिथेच. 'शाळा' लिहायला चार बटणे, त्यांतली दोन शिफ्टसह. 'भाषण' लिहायला चारांपैकी तीन! इंग्रजीत शिफ्ट हा पाहुणा आहे. मराठीत तो घरचा माणूस आहे.

आणि ही शिफ्ट दाबायची कुणी? करंगळीने. बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, म्हणून शिफ्ट बहुतेकदा डाव्या करंगळीकडे. उजव्या करंगळीकडे च, ट, ज, ड, य. अंगठे मात्र दोघे मिळून एक स्पेसबार सांभाळतात! वर्गातल्या सर्वांत किरकोळ पोराला बाक उचलायला लावावे आणि दोन धट्टीकट्टी पोरे मागे बसून राहावीत, त्यातला हा प्रकार. सत्तरीनंतर माझी करंगळी कुरकुरू लागली. माझ्या वयाचे कित्येकजण तर याच त्रासापायी 'तब्येत कशी आहे' हेसुद्धा रोमन लिपीत लिहू लागलेत. बोट दुखते म्हणून लिपी सोडायची?

यावर उपाय आहे. दोन भागांत विभागलेले, अंगठ्याखाली जादा बटणे असलेले कळफलक मिळतात. पण इथेच तो सल्ला आडवा येतो: बटणे जितकी कमी तितके चांगले, बोटांना धावाधाव नको. कॉर्न नावाच्या कळफलकावर ४२ बटणे आहेत. इंग्रजीची २६ अक्षरे त्यात आरामात बसतात. मराठीचा ड मात्र चौकटी कंसाच्या बटणावर असतो आणि ॉ तिरप्या रेघेच्या बटणावर. ही दोन्ही बटणे तिथे पहिल्या थरावर नाहीत. म्हणजे 'डॉक्टर' लिहायला घेतले की आरंभीच दुसरा थर. क्ष, ज्ञ, त्र, श्र आकड्यांच्या ओळीवर शिफ्टने येतात. ती ओळही नाही.

म्हणून माझे म्हणणे: आकड्यांची ओळ हवी, कंसांची बटणे हवीत, आणि प्रत्येक अंगठ्याखाली निदान दोन बटणे हवीत. त्यांतले एक शिफ्टला द्या. एर्गोडॉक्स, किनेसिस अ‍ॅडव्हान्टेज यांवर आकड्यांची ओळही आहे आणि अंगठ्यांसाठी बटणांचा पुंजकाही. 'त्यावर मराठी उमटते का?' हा प्रश्नच नको. कळफलक अक्षर पाठवत नाही, कुठले बटण दाबले तेवढे कळवतो. त्याचे मराठी करणे हे संगणकाचे काम. बटणांची मांडणी कळफलकातच साठवता येते ना, एवढे विचारा. क्यूएमके ही मुक्त प्रणाली चालत असेल तर उत्तमच.

कुणी म्हणेल, बोलून लिहा की! जरूर लिहा. पण चुकलेला 'ळ' दुरुस्त करायला बोट लागतेच. कुणी म्हणेल, एवढा खर्च कशाला? मग आधी फुकटचा प्रयोग करा. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा, 'स्टिकी कीज' सुरू करू का असे विचारेल. हो म्हणा. शिफ्ट धरून ठेवावी लागणार नाही. आधी शिफ्ट, मग अक्षर. करंगळीला तेवढाच विसावा.

असो. पैसे मोजायचेच असतील तर मोजण्याआधी त्या कळफलकावर 'भाषण' आणि 'डॉक्टर' हे दोन शब्द टंकून पाहा. जो इतरांना आवडतो तो नव्हे, जो या दोन शब्दांत पास होतो तो घ्या.